सांगत्ये ऐका : एका कमावत्या पोरीची कहाणी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. एकलहऱ्यात वीजकेंद्राच्या धुराड्यांमागे सूर्य गेला, की घराघरांतले दूरचित्रवाणीचे संच जणू एकाच वेळी बोलू लागतात. ज्या गावात वीज तयार होते, त्या गावाने तिचा थोडा उपभोग असा घ्यावा, यात वावगे काही नाही. घरातली मंडळी भाजणीचे प्रमाण विचारायला शेजारी गेली होती आणि चहाच्या आशेने मीही मागोमाग गेलो. तिथे लहान मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम चालला होता. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गात होती. गाणे मध्येच हातून निसटले, परीक्षकांनी गोड शब्दांत कडू बोल सुनावले, आणि मुलगी रडू लागली. कॅमेरा मागे सरेल असे मला वाटले. पण तो पुढे सरकला. अश्रू गालावरून हनुवटीपर्यंत येईतो तो तिथेच थांबला, आणि कमी पडू नये म्हणून कोणीतरी मागे सारंगीही लावली.

शेजाऱ्यांची दुसरीतली नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, ती रडतेय ना? मग तिला घरी का नाही जाऊ देत?"

"अगं, तसं नसतं ते," तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मी काहीच म्हणालो नाही. पण प्रश्न मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना पूर्वी वाचलेले एक पुस्तक पुन्हा हाती घेतले आणि ते पूर्वी वाचले त्याहून वेगळेच निघाले. त्या पुस्तकाविषयी इथे लिहायचे आहे.

बालनटांच्या आयुष्याची एक ठरीव गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. मूल गोजिरवाणे असते, लोक त्याला डोक्यावर घेतात. मग त्याला मिसरूड फुटते, आवाज फाटतो, लोक विसरतात आणि उरलेले आयुष्य जुन्या कात्रणांच्या वहीत जाते. आपण ही गोष्ट वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. या गोष्टीत सगळा दोष काळाच्या माथी मारता येतो, ही तिची मोठी सोय आहे. मूल मोठे झाले, याला कोण काय करणार? परंतु प्रसिद्धी ओसरणे हेच बालनटाचे खरे दुःख आहे काय? मला तसे वाटत नाही. ते दुःख प्रसिद्धी ओसरण्याच्या कितीतरी आधी, ऐन टाळ्यांच्या कडकडाटात सुरू झालेले असते. आम्हा नाशिककरांना त्याचा आरंभ शोधायला फार दूर जावे लागत नाही.

एकलहऱ्याहून काही कोसांवरच्या नाशकात धुंडिराज गोविंद फाळक्यांनी आपला चित्रपटांचा संसार थाटला होता. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. 'कालियामर्दन'चा बराच भाग सुदैवाने पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात टिकून आहे. त्याचा आरंभ मला जगातल्या कोणत्याही चित्रपटाच्या आरंभाइतका मोलाचा वाटतो. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके आपल्याला नुसती मंदाकिनी दाखवतात. ती हसते, रुसते, डोळे वटारते. एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. आणि मग आपल्या डोळ्यांदेखत त्या मुलीचा कृष्ण होतो.

यात चमत्काराची हौस आहेच. फाळक्यांना ती दांडगी होती. पण त्याहून अधिक काही आहे. बाप प्रेक्षकांना जणू सांगतो आहे, की ही आधी माझी मुलगी आहे आणि मग तुमचा देव आहे. हे सोंग आहे आणि सोंग घेणारे पोर हे आहे. त्यामुळे पुढे कालियाच्या फणांवर नाचणारा कृष्ण पाहताना आपल्याला भक्तीचा आनंद मिळतो आणि एका लहान मुलीचा खेळ पाहिल्याचाही मिळतो. यातला एक आनंद दुसऱ्याला खात नाही. परवाच्या कार्यक्रमात नेमके उलटे होते. तिथे आधी 'तारका' दाखवली गेली, आणि तिच्यातले मूल दिसले ते रडताना, आणि तेही विकण्यासाठी.

पण फाळक्यांना निर्दोष ठरवून मोकळे होता येत नाही. त्यांच्याच 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली होती. चित्रणाच्या दिवसांतली एक हकिकत सांगतात. मुलगा खेळताना पडला, डोक्याला मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा होता. काम थांबवले तर सगळेच कोलमडणार, म्हणून फाळक्यांनी त्या बेशुद्ध मुलावरच तो प्रसंग चित्रित केला, असे म्हणतात. ही गोष्ट आपण फाळक्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून ऐकत आलो. निष्ठा तर खरीच. घरादारासह स्वतःला पणाला लावणारा तो माणूस होता. पण त्या प्रसंगाकडे मुलाच्या बाजूने पाहिले, तर आपल्या पहिल्याच चित्रपटातल्या पहिल्या बालनटाने आपला सर्वांत अवघड प्रवेश, त्याला होय-नाही विचारण्याची सोयच नसताना दिला, असे म्हणावे लागते. माझ्या मते बालनटाच्या दुःखाचे बीज इथे आहे. ते दुःख विस्मृतीचे नाही. 'नाही' म्हणता न येण्याचे आहे.

फाळक्यांची मुले निदान बापाच्या अंगणात होती. मुलाला बाहेरच्या अंगणात पाठवले आणि त्याच्या मिळकतीवर घरची चूल पेटू लागली, म्हणजे काय होते? याचे उत्तर मराठीतल्या एका पुस्तकात जितके स्वच्छ मिळते, तितके मला इतरत्र मिळालेले नाही. ते पुस्तक म्हणजे हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका'.

हे आत्मकथन १९६६ मध्ये 'माणूस'मधून वाचकांपुढे आले आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने त्याचे पुस्तक केले. हंसाबाईंनी सांगितले आणि तेव्हा तरुण असलेल्या अरुण साधू यांनी शब्दांकित केले. त्या वेळी या कथनाने बरीच खळबळ उडवली. कोणी ते चोरून वाचले, कोणी नाक मुरडून वाचले; वाचले मात्र सर्वांनी. 'एका नटीची बेबंद कहाणी' म्हणून त्याचे नाव झाले. पुढे बायकांच्या दुःखाचा विचार करणाऱ्यांनी 'पुरुषांनी नाडलेल्या बाईची कहाणी' म्हणून ते वाचले. ही दोन्ही वाचने खोटी नाहीत, पण दोन्ही मधूनच सुरू होतात. ती मोठ्या बाईची गोष्ट वाचतात. पुस्तकाची किल्ली मला सुरुवातीच्या पानांत, लहान मुलीच्या हाती दिसते.

रतन साळगावकर ही १९२३ साली जन्मलेली मुलगी. घराला गाण्याबजावण्याची परंपरा होती आणि पैशाची चणचणही होती. मामा वरेरकरांच्या 'विजयाची लग्ने' (१९३६) या बोलपटात ती नायिका म्हणून उभी राहिली, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. ज्या वयात मुलगी भातुकलीतून पुरती बाहेर आलेली नसते, त्या वयात तिला दुसऱ्याच्या लेखणीतले प्रेम पडद्यावर करून दाखवायचे होते. साळगावकर हे घराण्याचे आडनाव पडद्यावर येऊ नये म्हणून ती 'वाडकर' झाली आणि रतनची 'हंसा' झाली. या नामांतराकडे आपण सहज दुर्लक्ष करतो. नटनट्यांची नावे बदलतातच, असे म्हणतो. पण जरा थांबून पाहावे. मुलीने आणलेला पैसा घराला चालत होता, मुलीने वापरलेले नाव चालत नव्हते. म्हणजे मिळकत घरात आणि अपकीर्ती घराबाहेर, अशी व्यवस्थित वाटणी मोठ्यांनी करून टाकली. त्या वाटणीत मुलगी कोणाच्या वाट्याला आली? कोणाच्याच नाही.

पुढचे आयुष्य याच वाटणीचा विस्तार आहे. 'नवजीवन', 'संत सखू' (१९४१), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'पुढचं पाऊल' (१९५०) अशी एकाहून एक कामे ती करत गेली. 'सांगत्ये ऐका' (१९५९) हा अनंत माने यांचा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. लोकांनी तिला सखू म्हणून नमस्कार केला आणि तमासगीर म्हणून शिट्ट्या मारल्या. स्वतःचे म्हणून तिला जे हवे होते, ते या दोहोंपेक्षा फार साधे होते. पुस्तकभर तिची एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते: मला घर हवे, मला संसार करायचा आहे. कोवळ्या वयात आईच्या मनाविरुद्ध तिने लग्न केले, ते याच ओढीने. लग्नानंतर काम सुटेल असे तिला वाटले होते. पण आईबापांच्या घरातून निघालेली कमावती मुलगी नवऱ्याच्या घरी कमावती बायको झाली, एवढाच फरक पडला.

पुस्तकातला सर्वांत चमत्कारिक भाग मराठवाड्यातला आहे. सगळे सोडून ती एका खेड्यात, आधीच बायका असलेल्या एका मोठ्या घरात जाऊन राहते आणि तिथे सुमारे तीन वर्षे पडद्याआड काढते. नावाजलेल्या नटीने हे करावे, याचे वाचकांना नवल वाटत आले आहे. मला मात्र आता त्यात नवल वाटत नाही. लहानपणापासून जिने घराला पोसले, तिला एकदा तरी घराने पोसावे असे वाटले, तर त्यात अतर्क्य काय आहे? तिला असे घर हवे होते, जिथे तिच्या तोंडाकडे कोणी मिळकतीसाठी पाहणार नाही. ते तिला मिळाले, पण उंबरठा ओलांडण्याच्या परवानगीवाचून. कमवायचे तर बाहेर जायचे आणि आत राहायचे तर कोंडून राहायचे, याहून तिसरा मार्ग तिला कोणी दाखवलाच नव्हता. पुढची परवड आणि मद्याची सोबत तिने जशी घडली तशी सांगितली आहे. सणाच्या दिवसांत ती इथे विस्ताराने उगाळत नाही. १९७१ मध्ये, पन्नाशीही न गाठता, ती गेली.

लेखन म्हणून या पुस्तकाचे बळ त्याच्या सांगण्याच्या रीतीत आहे. त्यात आक्रोश जवळजवळ नाही. बाई दुपारी ओसरीवर बसून निवडणे-टिपणे करता करता बोलावी, तसे ती बोलते. आपल्या चुका ती दुसऱ्याच्या पदरात घालत नाही आणि दुसऱ्यांच्या चुकांचा हिशेबही मागत नाही. वाचक मात्र पानोपानी तो हिशेब मांडू लागतो. सांगणाऱ्याने न मांडलेला हिशेब वाचणाऱ्याला मांडावासा वाटणे, याहून आत्मकथनाचे मोठे यश कोणते? दोषही आहेत. कालक्रम मधूनच घसरतो, माणसे ओझरती येऊन जातात आणि स्वतःच्या कलेविषयी तिने फारच थोडे सांगितले आहे. सखूची भूमिका तिने कशी उभी केली, हे जाणून घ्यायला रसिक उत्सुक असतो; त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. पण हा दोषही बोलका आहे. जे काम आपण निवडलेलेच नाही, त्याविषयी माणूस प्रेमाने कितीसे बोलणार?

आणि ते शीर्षक! आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये बोललेल्या बाईने प्रथमच स्वतःचे म्हणून काही सांगितले, तेव्हाही नाव घेतले ते चित्रपटाचेच. पण त्यातल्या 'ऐका' या शब्दाला इथे निराळी धार आली आहे. तो तिने केलेला कदाचित पहिलाच आग्रह असावा.

श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधारे १९७७ मध्ये 'भूमिका' हा चित्रपट केला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण माझ्या मनात त्यातली लहान मुलगी अधिक राहिली आहे. भूतकाळ कृष्णधवल रंगात उलगडू लागतो, तेव्हा ही पोर घरातली कोंबडी कापली जाऊ नये म्हणून तिच्यामागे जिवाच्या आकांताने धावताना दिसते. कोंबडी अर्थात वाचत नाही. मोठ्यांना जेवायचे असते. बेनेगलांनी यावर भाष्य केलेले नाही, आणि तेच बरे केले. त्या एका धावण्यात पुढची सगळी कथा येऊन गेली आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कोणी म्हणेल, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. लता मंगेशकरांचे पाहा. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा लताबाई तेरा वर्षांच्याही नव्हत्या. घर चालवायला त्या 'पहिली मंगळागौर'सारख्या चित्रपटांत उभ्या राहिल्या. त्या घावांतूनच पुढचे सारे घडले नाही काय? घडले, हे खरे. पण तोंडाला रंग लावून दिव्यांसमोर उभे राहणे आपल्याला कधीच आवडले नाही, असे लताबाईंनीच अनेकदा सांगितले आहे. पार्श्वगायनात पाय रोवताच त्यांनी अभिनयाकडे पाठ फिरवली. म्हणजे त्यांना एक 'नाही' म्हणता आले. हाताशी दुसरी विद्या होती, ती बापाने दिली होती आणि तिच्या बळावर त्या दिव्यांसमोरून बाजूला होऊ शकल्या. ही म्हण दगडाच्या बाबतीत ठीक आहे. टाकी कोणाच्या हातात आहे आणि घाव कोणासाठी घातले जात आहेत, हे दगडाला विचारावे लागत नाही. मुलाला विचारावे लागते.

आणखी दोन मुलगे शेजारी शेजारी उभे करून पाहावेत. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' (१९५३) मध्ये माधव वझे श्याम झाले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळालेला तो पहिला चित्रपट. घरोघरच्या आयांनी त्या श्यामसाठी डोळे पुसले. वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपाला आले आणि 'थ्री इडियट्स' (२००९) सारख्या चित्रपटात पिकल्या केसांनी सहज येऊन गेले. दुसरा मुलगा शफीक सय्यद. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) मध्ये मुंबईच्या रस्त्यावरचे पोर त्याने उभे केले, कारण तो स्वतःच घरातून पळून मुंबईच्या रस्त्यावर आलेला होता. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे कामाच्या शोधात हिंडून तो बंगळूरला परतला आणि रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही. पण दोघांच्या अभिनयात असा कोणता फरक होता, की एकाचे आयुष्य सरळ पुढे गेले आणि दुसऱ्याला ते पुन्हा शून्यापासून मांडावे लागले? फरक अभिनयात नव्हता. एकाला चित्रण संपल्यावर परत जायला शाळेचा बाक होता. दुसऱ्याला फुटपाथ होता.

अमेरिकेत हा धडा लवकर मिळाला. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) मधल्या जॅकी कूगन या पोराने सारे जग हसवले आणि रडवले. सज्ञान झाल्यावर त्याला कळले, की आपण मिळवलेले लक्षावधी डॉलर आई आणि सावत्र बापाने उडवले आहेत. १९३८ मध्ये त्याने त्यांच्यावर दावा लावला. हाती थोडेच आले. पण त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम यायला बराच काळ जावा लागला. या नियमांप्रमाणे बालकलावंताकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मिळकतीतला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून ठेवावा लागतो. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावू नये, असेही त्यांत आहे.

हे शेवटचे कलम वाचून मला बरे वाटले, आणि लगेच खिन्नही वाटले. रतनच्या वेळी हा कायदा असता, तर तिला काय विचारले गेले असते? "बाळ, तुझी इच्छा आहे ना?" आणि ती काय म्हणाली असती? घरात चूल पेटायची आहे हे ज्या पोराला कळते, ते 'हो'च म्हणते. आज तर चुलीचाही प्रश्न नसतो. आईबापांची हौस असते, शेजाऱ्यांचे कौतुक असते, शाळेच्या फलकावर लिहिलेले नाव असते. भुकेला एकवेळ 'पुरे' म्हणता येते. कौतुकाला 'पुरे' म्हणणे मोठ्या माणसांनाही साधत नाही, मग आठ वर्षांच्या मुलीला कसे साधावे?

म्हणून मुलांनी गाऊच नये, नाचूच नये, पडद्यावर दिसूच नये, असे मी म्हणणार नाही. मंदाकिनीचा कृष्ण आपल्याला मिळाला नसता तर आपण गरीब झालो असतो. पण बालनटाचे काम पाहताना रसिकाने आणि समीक्षकानेही आपल्या कसोट्यांत आणखी एक कसोटी घालावी. सूर, ताल, भाव हे तर पाहावेच. पण त्या पोराला थांबावेसे वाटले तर थांबता येईल अशी जागा त्या कलाकृतीने ठेवली आहे काय, हेही पाहावे. ती नसेल तर आपली टाळी त्या मुलाला पोचत नाही; त्याला उभे करणाऱ्यांना तेवढी पोचते.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडचा कार्यक्रम संपायच्या आतच त्यांची नात उठली. "मला नाही बघायचं," म्हणाली आणि अंगणात किल्ल्याला माती लावायला निघून गेली. तिला कोणी अडवले नाही. तिच्या हातात कसलाही करंडक नव्हता, नुसता चिखल होता. हंसाबाईंचे पुस्तक पुन्हा वाचून मिटताना मला तिचे ते सहज उठून जाणे आठवले. हे 'नाही' म्हणायला रतनला मिळाले नव्हते.